खेळू की टाकू?

पांढुर्णा आणि सौंसर तालुक्यांत पत्ते कुणाला शिकवावे लागत नाहीत. पोळ्याच्या सुमारास तीन पत्ती आणि लग्नघरी वऱ्हाड झोपल्यावर रमी, हे ठरलेलेच. २०२३ च्या ऑक्टोबरात छिंदवाड्यातून फुटून पांढुर्ण्याचा वेगळा जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आले. पत्त्यांच्या बाबतीत मात्र हा पट्टा कधीपासूनच विदर्भाचा आहे. तोच बूट, तीच चाल, तोच ‘पॅक’. त्यात अलीकडे पोकरची भर पडली. तो आधी मोबाइलवर आला, मग नागपूर-पुण्याला शिकायला गेलेल्या पोरांच्या बॅगेतून, चिप्सच्या डब्यासकट. आठ-नऊ जण बसतात, सगळ्यांना सारख्या चिप्स मिळतात, चिप्स संपल्या की माणूस बाहेर, शेवटी उरेल तो पहिला. अशी छोटी टुर्नामेंट एका रात्रीत उरकते, म्हणून ती लोकप्रिय.

या खेळात पहिला निर्णय दोन पानांवर होतो. हाती दोन पाने येतात, समोरच्यांचे काही दिसत नाही आणि ठरवायचे असते की या पानांवर पैसे लावायचे की ती टाकायची. पुढे पाच पाने सगळ्यांसाठी मधे उघडतात. आधी तीन, मग एक, मग एक. सातांतली उत्तम पाच ज्याची, त्याचा पॉट. पहिल्या दोन पानांबद्दल गेल्या पन्नास वर्षांत इतके लिहिले गेले आहे की नवख्याला वाटावे, एखादा तक्ता पाठ केला की काम झाले. तसे होत नाही, कारण बहुतेक तक्ते दुसऱ्याच खेळासाठी केलेले आहेत. छोट्या टुर्नामेंटमध्ये प्रश्न पानांचा कमी आणि वाट पाहण्याच्या किमतीचा जास्त असतो, असे माझे मत आहे. ही किंमत ओळखायला आपल्याकडच्या तीन पत्तीने कुणाला शिकवले नाही. रमीने शिकवले आहे, पण रमी खेळणाऱ्यांना ते पोकरच्या टेबलावर आठवत नाही.

आधी तीन पत्तीची खोड पाहू. बावन्न पानांतून तीन पाने २२,१०० प्रकारे येतात. त्यांतले १६,४४० हात नुसते ‘हाय कार्ड’, म्हणजे चारांत तीन वेळा हातात काहीही नसते. जोडी सतरा टक्के, ट्रेल बावन्न प्रकारे, म्हणजे चारशे-सव्वाचारशे हातांत एकदा. तीनच पाने आणि तीच शेवटची, पुढे काही उघडायचे नाही. त्यामुळे खेळाडूचे सगळे लक्ष दोनच गोष्टींवर राहते, समोरच्याचा चेहरा आणि आपली छाती. शिवाय न पाहता खेळणाऱ्याला निम्म्या पैशांत चाल मिळते, म्हणजे पाने न बघण्याला खेळानेच सवलत दिलेली. या सवयीचा माणूस पोकरला बसला की दोन चुका हमखास करतो. राजा-गुलाम दिसले की तो खूश होतो, कारण तीन पत्तीत चित्रे मोठी. आणि एकदा पैसे टाकले की मागे हटत नाही, कारण तिथे हटण्याला भित्रेपणा म्हणतात.

पोकरमध्ये दोन पाने १,३२६ प्रकारे येतात. इस्पिक-बदामाचा भेद सोडला, तर वेगळे असे १६९ हात उरतात: १३ जोड्या, ७८ एका रंगाचे, ७८ वेगळ्या रंगांचे. हातात जोडी येण्याची शक्यता सतरांत एक. दोन एक्के २२१ हातांत एकदा. या १६९ हातांची उतरंड लावण्याचे नामांकित काम केले डेव्हिड स्क्लॅन्स्की या अमेरिकन लेखकाने, १९७६ सालच्या पुस्तकात. पुढे मेसन माल्मुथबरोबर त्याने आठ गट पक्के केले. पहिल्या गटात मोठ्या जोड्या आणि एका रंगाचे एक्का-राजा, आठव्यात कसेबसे चालणारे हात. ही मांडणी ज्या खेळातून आली त्यात बोलीवर मर्यादा असायची, टेबल भरलेले असायचे आणि चिप्स म्हणजे प्रत्यक्ष पैसे. कंटाळा आला तर उठून जाता येई, संपल्या तर आणखी विकत घेता येत. छोट्या टुर्नामेंटमध्ये यातले जवळजवळ काहीच लागू नाही.

दुसरा प्रसिद्ध उपाय बिल चेन या गणितज्ञाचा. त्याने गुण देण्याची युक्ती काढली. मोठ्या पानाचे गुण घ्या (एक्का १०, राजा ८, राणी ७, गुलाम ६, बाकी पानाच्या निम्मे), जोडी असेल तर दुप्पट, रंग एकच असेल तर दोन वाढवा, दोन पानांत अंतर असेल तर वजा करा. जवळजवळच्या, राणीपेक्षा लहान पानांना एक गुण वर. एक्क्यांची जोडी २० गुण, एका रंगाचे गुलाम-दश्शी ९, वेगळ्या रंगांचे एक्का-नव्वी ५. बोटांवर मोजता येते म्हणून ही युक्ती मला आवडते. पण हे शेवटचे दोन आकडे ध्यानात ठेवा. चिप्स भरपूर असताना गुलाम-दश्शी खरोखर जास्त कामाचे, कारण त्यातून सिक्वेन्स आणि फ्लश निघतो आणि समोरच्याकडून मोठी रक्कम निघते. चिप्स संपत आल्या आणि सगळे एकदम पुढे सारायचे असले की उलटे होते. कुठल्याही अनोळखी हातासमोर एक्का-नव्वी साठ टक्क्यांहून जास्त वेळा जिंकते, गुलाम-दश्शी सत्तावन्न-अठ्ठावन्न. एकाच माणसाला एकाच रात्री, दीड तासाच्या अंतराने, या दोन हातांची किंमत उलटी लावावी लागते. गुणतक्ता हे सांगत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे, म्हणजे घड्याळाकडे. प्रत्येक डावात बटनाच्या (वाटपाच्या फिरत्या खुणेच्या) डावीकडच्या दोघांना सक्तीची बोली लावावी लागते. लहान ब्लाइंड, मोठा ब्लाइंड. (तीन पत्तीतल्या ब्लाइंडशी याचा संबंध नाही, ही बुटासारखी सक्ती, फक्त ती फिरते.) टुर्नामेंटमध्ये ही रक्कम ठरावीक वेळाने वाढते. समजा नऊ जण, प्रत्येकी ३,००० चिप्स, सुरुवात २५-५० पासून, दर पंधरा मिनिटांनी दुप्पट. घरच्या टेबलावर पत्ते पिसणारा, वाटणारा, चहा आणणारा एकच, त्यामुळे तासाला पंचवीस हात झाले तरी पुष्कळ. पाऊण तासात एकोणीस हात, म्हणजे टेबलाच्या जेमतेम दोन फेऱ्या. आणि सेहेचाळिसाव्या मिनिटाला ब्लाइंड २००-४०० वर. म्हणजे जो नुसता बसून राहिला त्याच्याकडे पाच फेऱ्यांपुरत्या सुद्धा चिप्स नाहीत.

आता कुणी म्हणेल, मी चांगल्याच पानांची वाट पाहतो. चांगली म्हणजे किती? दश्शीपासून वरच्या सगळ्या जोड्या, एक्का-राजा, एक्का-राणी, असे धरले तर ६२ प्रकार होतात, १,३२६ पैकी. पावणेपाच टक्क्यांहूनही कमी, साधारण एकवीस हातांत एकदा. एकोणीस हातांत त्यांतला एकही न येण्याची शक्यता चाळीस टक्के. नऊ जणांच्या टेबलावर तिघे-चौघे असे निघतील की ज्यांना पाऊण तासात एकही ‘पुस्तकी’ हात दिसला नाही. त्यांनी नशिबाला दोष देण्यात अर्थ नाही. हिशेबच तसा आहे.

हा हिशेब सोपा करून सांगितला पॉल मॅग्रिएलने. तो गणिताचा अभ्यासक आणि १९७८ चा बॅकगॅमन विश्वविजेता. त्याच्या नावाच्या आद्याक्षरावरून ‘एम’ हा आकडा आला आणि डॅन हॅरिंग्टनच्या पुस्तकांनी २००४ पासून तो घरोघरी पोचवला. आपल्या चिप्सना दोन्ही ब्लाइंडच्या (आणि बूट असेल तर त्याच्या) बेरजेने भागायचे. येईल तो एम, म्हणजे काहीही न खेळता किती फेऱ्या जगता येईल ते. वीसच्या वर असेल तर निवांत. दहा ते वीसमध्ये सावध. दहाच्या खाली दोन छोट्या बोलींतच हात बांधले जातात, आणि पाचाच्या आसपास दोनच पर्याय, सगळे सारायचे किंवा टाकायचे. माझ्या वरच्या उदाहरणात एम चाळीसपासून पाचावर येतो, तोही पाऊण तासात. कॅसिनोतल्या मोठ्या स्पर्धेला ज्या प्रवासाला दिवस लागतो तो इथे चहाच्या दोन फेऱ्यांत संपतो.

यावरून निघणारी गोष्ट साधी आहे आणि टेबलावर ती जवळजवळ कुणीच पाळत नाही. सुरुवातीला पाने टाकणे फुकट असते. २५-५० ला एक पूर्ण फेरी टाकली तर ७५ चिप्स गेल्या, तीन हजारांतल्या. शेवटी टाकणे महाग असते, एका फेरीत पाचवा हिस्सा. म्हणून आधी चिंगूस आणि नंतर सैल असले पाहिजे. लोक उलटे करतात. पहिल्या अर्ध्या तासात उत्साह असतो, म्हणून राजा-पंजीही खेळतात. शेवटी चार जण उरले, बक्षीस तिघांना, की सगळे आक्रसतात आणि एक्का-सत्तीही टाकतात. ज्याला हे दिसले त्याला फार पानांची गरज उरत नाही, कारण टाकणाऱ्यांचे ब्लाइंड उचलत राहणे हीच त्याची कमाई.

पण सैल म्हणजे काय, हे नीट सांगायला हवे, कारण इथेच अर्धवट शहाणे बुडतात. स्वतः पहिल्यांदा सगळे सारणे आणि दुसऱ्याने सारलेल्याला होकार देणे, या दोन गोष्टी सारख्या नाहीत. सारणारा दोन प्रकारे जिंकू शकतो, समोरचे सगळे टाकतील किंवा पाने लागतील. होकार देणाऱ्याला एकच वाट. म्हणून ज्या हाताने सारता येते त्याच हाताने होकार देता येत नाही. त्याला बराच बळकट हात लागतो. स्क्लॅन्स्कीने याला ‘गॅप’ म्हटले. दोघेच उरले आणि कमी चिप्सवाल्याकडे दहा मोठे ब्लाइंड असले, तर गणिताच्या तक्त्यानुसार लहान ब्लाइंडवाल्याने निम्म्याहून जास्त हात सारावेत, आणि मोठ्या ब्लाइंडने मात्र एक-तृतीयांशाहून थोडेच जास्त हात घेऊन उभे राहावे. तक्ता पाठ नसला तरी हा फरक पाठ असावा.

त्याहून पुढची गोष्ट बक्षिसांची. टुर्नामेंटमध्ये चिप्स म्हणजे पैसे नव्हेत. दुप्पट चिप्स झाल्या म्हणून बक्षिसातला वाटा दुप्पट होत नाही, कारण पहिल्याला सगळे मिळत नाही. माल्मुथने १९८७ मध्ये हा हिशेब मांडला आणि त्याच्या मुळाशी डेव्हिड हार्व्हिलचे १९७३ चे सूत्र आहे, जे घोड्यांच्या शर्यतीत पहिला-दुसरा-तिसरा कोण येईल यासाठी काढले होते. दहा जण, सारख्या चिप्स, बक्षिसे ५०-३०-२० टक्के. प्रत्येकाचा वाटा १० टक्के. पहिल्याच हातावर सगळे सारून जिंकलात, चिप्स दुप्पट. वाटा किती? २० नाही, १८.४४. म्हणजे पहिल्या हातावर जीव पणाला लावायचा तर निम्म्याहून थोडी नव्हे, ५४ टक्क्यांहून जास्त खात्री हवी. एक्का-राजा वेगळ्या रंगांचे असले तर दुर्रीच्या जोडीपुढेही ते किंचित मागेच असतात. समोरच्याकडे कुठलीशी जोडी आहे हे कळल्यावर पहिल्या हातावर सगळे लावण्याला गणिताचा पाठिंबा नाही.

बक्षिसाच्या उंबरठ्यावर आकडे आणखी कठोर होतात. चार जण उरले, चौघांकडे सारख्या चिप्स, बक्षीस तिघांना त्याच प्रमाणात. प्रत्येकाचा वाटा २५. एकाने सगळे सारले, तुम्ही होकार दिलात आणि जिंकलात तर तुमचा वाटा ३८.३३. हरलात तर शून्य. ब्लाइंडमधले सुटे सोडून दिले तर होकारासाठी ६५ टक्क्यांहून जास्त खात्री हवी. समोरचा माणूस पाने न बघता सारतोय हे तुम्हाला छातीठोक माहीत असले, तरी वेगळ्या रंगांचे एक्का-राणी या कसोटीला उतरत नाहीत आणि एक्का-राजा केसाने उतरतात. हे ऐकून तीन पत्तीवाला हसतो. त्याला वाटते, एवढी पाने टाकायची म्हणजे खेळायचे कशाला. पण मजा अशी की हेच आकडे सारणाऱ्याच्या बाजूचे आहेत. समोरच्याला एवढा बळकट हात लागणार हे माहीत असेल, तर तुम्ही पुष्कळ वेळा सारू शकता. उंबरठ्यावर धीट माणूस जिंकतो ही समजूत खरी आहे, फक्त धीट म्हणजे आधी बोलणारा.

जागेचे महत्त्व लोक जाणतात, म्हणून थोडक्यात. मधली पाने उघडू लागली की बटनावर बसलेला सगळ्यांनंतर बोलतो. भरल्या टेबलावर पहिल्या जागेवरून आठांतला एखादा हात खेळावा, बटनावरून साधारण पाचांतले दोन. चिप्स कमी झाल्या की हा फरक आपोआप घटतो, कारण सगळे सारल्यावर पुढे बोलायचे काही उरत नाही. मागे किती जण जागे आहेत एवढेच मोजायचे.

हातांबद्दल मात्र थोडे रेंगाळतो, कारण भांडणे इथेच होतात.

एक्का आणि कुठलेही पान. छोट्या टेबलावर सर्वांत जास्त चिप्स या हाताने जातात. एक्का-चव्वी दिसायला बरी, पण समोर होकार देणाऱ्याकडे बहुधा त्याहून मोठा एक्का असतो. एक्का-राजासमोर ती चारांत जेमतेम एकदा वाचते. शेवटच्या टप्प्यात आपण पहिल्यांदा सारत असू तर एक्का-चव्वी उत्तम. दुसऱ्याच्या सारण्याला उत्तर म्हणून ती वाईट. सुरुवातीला, ब्लाइंड लहान असताना, ती सरळ टाकावी.

लहान जोड्या. दुर्रीपासून छक्कीपर्यंत. तीन सारखी पाने मधल्या तिनांत जुळण्याची शक्यता साडेआठांत एक. म्हणून स्वस्तात बघायला मिळाले आणि दोघांकडे भरपूर चिप्स असल्या तरच पाहावे. लावलेल्या रकमेच्या पंधरा-वीस पट मागे हव्यात. आपल्या उदाहरणातल्या टुर्नामेंटमध्ये ही अट दुसऱ्या पातळीनंतर पुरी होतच नाही. पुढे या जोड्या सारण्याच्या कामाच्या.

राजा-गुलाम, राणी-दश्शी. हे हात तीन पत्तीवाल्याचे लाडके. ज्या हातांवर समोरचा होकार देतो, एक्का-राजा, राजा-राणी, एक्का-गुलाम, त्या सगळ्यांपुढे राजा-गुलाम एका पानाने बांधलेले असतात. जुळले तरी दुसऱ्याचे वरचढ जुळते. पहिल्या जागांवरून टाकावेत, बटनावरून खेळावेत.

एका रंगाची पाने. एक रंग आहे म्हणून हाताची ताकद दोन-तीन टक्क्यांनी वाढते, बस. पहिल्या तीन पानांत फ्लश पुरा होणे एकशे अठरा-एकोणीस वेळांत एकदा. बदामाची नव्वी-तिर्री घेऊन बसलेल्याला हे समजावून सांगणे व्यर्थ आहे. त्याला फ्लश लागलेला तो एकच डाव आठवतो.

आणि एक्क्यांची जोडी. एका अनोळखी हातासमोर ८५ टक्के. पाच जणांसमोर निम्म्याला टेकलेली. आठ जणांसमोर पस्तीस टक्क्यांच्या आसपास. घरच्या टेबलावर जिथे पाच-पाच जण होकार देतात, तिथे एक्के घेऊन गंमत म्हणून हळू खेळणारा दर दोन वेळांत एकदा तोंड पाडून उठतो. मोठी बोली लावून गर्दी कमी करणे एवढाच उपाय.

२०१५ पासून संगणकांनी या विषयात बाजी मारली. अल्बर्टा विद्यापीठाने दोघांतला मर्यादित बोलीचा खेळ जवळजवळ सोडवून दाखवला, २०१७ मध्ये कार्नेगी मेलनच्या ‘लिब्राटस’ने अमर्याद बोलीतही व्यावसायिकांना हरवले आणि २०१९ मध्ये ‘प्लुरिबस’ने सहा जणांच्या टेबलावर. त्यातून जुने तक्ते बरेच दुरुस्त झाले. मोठ्या ब्लाइंडने पूर्वी समजत त्यापेक्षा पुष्कळ जास्त हात राखावेत, पहिली बोली लहान असावी. पण संगणक समोर संगणक धरून खेळतो. आपल्या टेबलावर समोर बसलेला ‘बघू तर खरं’ म्हणत होकार देणारा माणूस असतो, त्याच्याविरुद्ध फसवी बोली लावण्याचा सल्ला कुठल्याही यंत्राने दिला तरी ऐकू नये.

आता रमीकडे. १०१ पूल ही खरे तर छोटी टुर्नामेंटच आहे. प्रत्येकाला तेरा पाने, १०१ गुण झाले की बाहेर, शेवटी उरेल तो जिंकला. आणि पहिल्या चालीआधी पाने टाकण्याची किंमत ठरलेली, २० गुण. एकदा पान उचलून मग टाकले तर ४०. हरला आणि हात पूर्ण विस्कटलेला असेल तर ८०. म्हणजे ‘हा हात खेळू की टाकू’ हा प्रश्न रमीत रोजचा. शुद्ध सिक्वेन्सचा पाया आहे का, जोकर आला का, मधली पाने जोडणारी आहेत की बदाम-चौकटची चित्रे एकटी पडली आहेत, हे बघून पांढुर्ण्याचा कुठलाही मुरलेला रमीवाला पाच सेकंदांत निर्णय घेतो. त्यात लाज नाही. तीन पत्तीत पॅक करणाऱ्याला टोमणे बसतात, रमीत पहिल्याच हाताला टाकणाऱ्याला जाणता म्हणतात.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, हा निर्णय पानांबरोबर आपल्या गुणांवरही ठरतो हे त्याला माहीत असते. शून्यावर असताना वाईट हात टाकला, २० लागले, काही बिघडले नाही. पाच वेळा टाकता येते, शंभरावरही माणूस जिवंत. ८० वर असेल तर शेवटचे एकदा टाकता येईल. ८१ वर असेल तर टाकणे म्हणजे बाहेर पडणे, मग तेरा पाने कशीही असोत, खेळावेच लागते. ८० आणि ८१ मधला हा फरक ज्याला कळतो त्याला एम पाच म्हणजे काय ते वेगळे सांगायची गरज नाही. समोरचे दोघे ९० च्या पुढे असतील तर आपण मधल्या हाताने धोका घेत नाही, ते एकमेकांना संपवतील म्हणून थांबतो. बक्षिसाच्या उंबरठ्याचा हिशेब याच जातीचा. पोकर शिकू पाहणाऱ्या पोराला मी स्क्लॅन्स्की वाचायला देण्याआधी महिनाभर पूल रमी खेळायला बसवीन.

फरक एकच, पण मोठा. रमीत टाकण्याची किंमत सुरुवातीपासून शेवटपर्यंत २० च राहते. पोकरमध्ये ती दर पंधरा मिनिटांनी दुप्पट होते. रमीवाला पोकरला बसून फसतो तो इथे. पहिल्या तासाची शिस्त तो दुसऱ्या तासातही चालवतो आणि ब्लाइंडने वितळून जातो.

पैशांचा विषय टाळून चालणार नाही, कारण टुर्नामेंट छोटी असली तरी कायदा मोठा आहे. सौंसरकडून नागपूर जिल्ह्याची हद्द ओलांडली की १८८७ चा मुंबईचा जुगार प्रतिबंधक कायदा लागतो, इकडे मध्य प्रदेशात १८६७ चा सार्वजनिक जुगार कायदा. दोन्ही इंग्रजांचे, दोन्हींत निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट. कौशल्य कुठले आणि नशीब कुठले, याची सर्वांत जास्त उद्धृत होणारी वाटणी आंध्र प्रदेश विरुद्ध के. सत्यनारायण या खटल्यात झाली. प्रकरण सिकंदराबादच्या एका क्लबचे. निकाल लिहिला न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी, जे नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकले आणि पुढे नागपूर व मग मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले. छिंदवाडा, सौंसर, पांढुर्णा त्यांच्या नागपूरच्या दिवसांत नागपूरच्याच राजधानीखाली होते. निकालात त्यांनी म्हटले की रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ, कारण पाने लक्षात ठेवावी लागतात, कुठले धरायचे आणि कुठले टाकायचे ते ठरवावे लागते. तीन पानांचा खेळ मात्र नशिबाचा. क्लब त्यातून नफा कमवत असेल तर मग वेगळा प्रश्न, हेही बजावले. तीन पत्ती आणि रमीतला जो फरक मी वर सांगितला तो न्यायालयाने अर्धशतकाहून जास्त काळापूर्वीच मांडून ठेवला आहे.

पोकरबाबत कायद्यांत आणि न्यायालयांत अजून एकमत नाही. पश्चिम बंगालच्या १९५७ च्या कायद्याने त्याला जुगारातून वगळले, गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये जुगार ठरवले, अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये कौशल्याच्या बाजूने झुकते माप दिले. गोव्यात मांडवीवरच्या बोटींवर तो १९९६ च्या दुरुस्तीच्या आधारे परवान्याने चालतो. मोबाइलवरचा वाद मात्र संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मिटवला. नव्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन खेळ बंद केले, कौशल्य असो वा नशीब. खेळवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. दोन-दोनशे रुपयांच्या मोबाइल टुर्नामेंट, ज्यांतून पोरे हा खेळ शिकली, त्या रातोरात थांबल्या.

मला याचे फार दुःख नाही. पण एक अडचण उरते आणि ती हातांच्या निवडीचीच आहे. पैसे नसले की कुणी पाने टाकत नाही. नऊच्या नऊ जण सगळे हात बघायला येतात, आणि मग वर सांगितलेला अर्धा हिशेब कोसळतो. सारून कुणाला घालवता येत नाही. मोठ्या जोड्यांची किंमत घटते, एका रंगाच्या जोडपानांची आणि लहान जोड्यांची वाढते, कारण गर्दीत सिक्वेन्स-फ्लशच उभे राहतात. फुकटच्या अॅपवर दहा मिनिटे खेळून बघा, पटेल.

उपाय रमीच्या वहीतच आहे. एका रात्रीचा निकाल सोडून द्यावा आणि पोळ्यापासून होळीपर्यंतचा तक्ता मांडावा. दर बैठकीला जितके जण असतील तितके गुण पहिल्याला, मग एकेक कमी, सर्वांत आधी बाद होणाऱ्या दोघांना शून्य. कुणाला पैसे द्यायचे नाहीत, घ्यायचे नाहीत. सुरुवातीच्या चिप्स तीनऐवजी पाच हजार द्याव्यात, पातळी वीस मिनिटांची करावी आणि ब्लाइंड दुप्पट न करता दीडपट वाढवावेत, म्हणजे पहिल्या तासात वाट पाहायला जागा राहते. पत्ते दोन कॅट ठेवावेत. एक वाटला जात असताना दुसरा पिसला जातो आणि तासाला पाच-सात हात वाढतात. आणि एकदा बाद झालेल्याला पुन्हा चिप्स देऊ नयेत. पुन्हा बसता येते हे कळले की पहिल्या अर्ध्या तासात लोक राजा-पंजीवर सगळे सारतात, आणि ज्याने शिस्तीत पाने टाकली तो त्या गोंधळाची किंमत मोजतो.